जगदेवच्या नावावरचं पोट

इंझोरी,
२२ ऑगस्ट २०२४

चि. उमेरा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला. माझ्या कानांचे तुला माहीत आहे. आवाज येतो, शब्द येत नाहीत. म्हणून पत्र लिहीत आहे. तूही पत्रच लिही. घाई असली तर लिहिलेल्या पानाचा फोटो काढून जगदेवच्या फोनवर पाठव. मी तो मोठा करून वाचते.

माझ्या दिराने, जगदेवने, एकदाची पोटात दुर्बीण टाकून घेतली. शेलूबाजारच्या शिबिरात काल त्याचे काम झाले. हे गेले तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की सख्ख्या भावाने पोट तपासून घ्यावे. ते ऐकायला जगदेवला दोन वर्षे लागली. प्रत्येक वेळी नवीन कारण. पेरणी, फवारणी, साळ्याचे लग्न. शेवटी मी म्हणाले, "तुमचे दादा अकरा महिने सोड्याचे पानी पीत होते आन् म्हणत होते गॅस हाय. तुमाले तेच करा लागते का?" तेव्हा म्हणाला, "वैनी, तुमी तं कोर्टातल्या वकिलावानी मांगं लागता." पण गेला.

घरी आला तो घसा धरून. रात्रीपर्यंत बोलला नाही. घराला दोन घटका शांतता मिळाली.

शिबिरात पोटातून तपासायला काढलेले सगळे तुकडे वाशीमला तुझ्या प्रयोगशाळेत येतात असे तिथल्या बाईंनी सांगितले. मला बरे वाटले. मी तुझ्या अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानाशेजारी भाजी विकत होते, तेव्हा बांगड्या गुंडाळायच्या रद्दीवर अक्षरे लावत बसायचे आणि तू दप्तर बाजूला ठेवून माझी चूक काढायचीस. चूक काढताना तू कधी गोड बोलली नाहीस. आताही गोड बोलू नकोस. काचेवर जे दिसेल ते जसेच्या तसे लिही. आम्हाला मागच्या वेळी सगळ्यांनी धीर दिला. खरे कोणी सांगितले नाही.

फरहतला माझा निरोप सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
भागिरथा मावशी


वाशीम,
४ सप्टेंबर २०२४

ती. भागिरथा मावशीस,
सलाम.

तुम्ही म्हणालात तसंच लिहिते. आधी एक गोष्ट: जगदेवकाकांना कर्करोग नाही. हे वाक्य दोनदा वाचा, मग पुढे जा.

पोटाच्या अस्तराचे तिळाएवढे तुकडे आमच्याकडे येतात. ते मेणात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, गुलाबी आणि जांभळा रंग द्यायचा आणि काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, एवढं माझं काम. निरोगी अस्तरात पेशी एका रांगेत उभ्या असतात. प्रत्येकीच्या तळाशी एक गोल जांभळा ठिपका असतो, तिचं केंद्रक. रांग सरळ, ठिपके सारखे.

काकांच्या काचेवर जुनी सूज दिसली. ती करणारे बारीक वाकडे जंतूही दिसले. ते आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतात. त्या सुजेनं पोटाच्या स्वतःच्या ग्रंथी विरळ झाल्या आहेत. त्यांच्या जागी आतड्यातल्या पेशी उगवल्या आहेत, पोट फुगलेल्या सुरईसारख्या. पोटात त्यांचं काही काम नाही. इथपर्यंत असतं तर मी गोळ्या आणि काही काळानं पुन्हा दुर्बीण एवढंच लिहिलं असतं.

पण एका तुकड्यात रांग मोडली आहे. ठिपके मोठे, काळपट, लांबट, एकमेकांवर चढलेले. सुजेमुळेही पेशी अशा बिथरतात, म्हणून मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. सुजेनं बिथरलेल्या पेशी वर पृष्ठभागाकडे येईपर्यंत शांत होतात. या वरपर्यंत तशाच आहेत. ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे, आणि तीही वरची. तळाची हद्द मात्र त्यांनी अजून ओलांडलेली नाही. म्हणून हा कर्करोग नाही.

एवढं मोठं निदान एकटीनं करायचं नसतं. मी काच नागपूरला, मला हे काम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवली. त्यांचंही मत तेच आलं.

आता काकांनी जंतूंच्या गोळ्या घ्यायच्या आणि अकोल्याला चांगल्या दुर्बिणीनं पुन्हा तपासणी करायची. ती जागा सापडली की पोट न फाडता, दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. वेळेवर काढली तर माणूस बरा होतो. उशीर केला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

अम्मीचे गुडघे तिच्या जिभेपेक्षा कमी चालतात. तुम्हाला दुआ सांगते.

तुमची,
उमेरा


इंझोरी,
१६ सप्टेंबर २०२४

चि. उमेरा हिस,
जयभीम.

पत्र जगदेवला वाचून दाखवले. सुरईची गोष्ट त्याला आवडली. पुढचे आवडले नाही. ऐकून उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. मी मागे गेले तर म्हणाला, "वैनी, दादाचं झालं तसंच का?"

मी म्हणाले, "दादाचं समजलं तवा दार बंद झालं होतं. तुमचं उघडं हाय."

गोळ्या सुरू केल्या आहेत. पण अकोल्याचे नाव काढले की सोयाबीन पुढे करतो. म्हणतो, काढणी झाली की जाऊ. मी रोज संध्याकाळी विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन करते. त्याला पहिल्या रांगेत बसवते आणि मधूनमधून चष्म्यावरून बघते. लोकांना वाटते मी श्रोत्यांकडे बघते.

यांचा सदरा अजून खुंटीला आहे. मुलगा नरेंद्र पुण्याहून आला की म्हणतो, काढ आता. मी धुऊन पुन्हा तिथेच लावते. त्यात रडण्यासारखे काही नाही. खुंटी यांची आहे, म्हणून सदरा यांचा. पण तिच्या शेजारच्या खुंटीला मी दुसऱ्या भावाचा सदरा लागू देणार नाही.

काढणीतून पहिली सवड मिळाली की त्याला घेऊन जाते. नाही आला तर बैलगाडीला बांधून नेईन.

भागिरथा मावशी


इंझोरी,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. उमेरा,
जयभीम, जयभीम, जयभीम!

अकोल्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, वाईट जागा कुठेच दिसत नाही. मग तिथले तुकडे तपासून तुझ्या प्रयोगशाळेचा कागद आला. "अस्तर निरोगी." मी तो तीन जणांकडून वाचून घेतला, स्वतः वाचता येत असूनही. गोळ्यांनी काम केले!

काल आश्विन पौर्णिमा होती. वर्षावासाची समाप्ती. विहारात मोठ्या पातेल्यात खीर केली. जगदेव स्वतः वाढत होता. प्रत्येकाला सांगत होता, "खा, माझ्या पोटाची खीर हाय." कोणीतरी म्हणाले, तुझ्या पोटातली आहे का? खूप हसले सगळे. त्याची बायको एका बाजूला उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

मी घरी येऊन यांच्या फोटोपुढे वाटी ठेवली आणि सांगितले, तुमचा भाऊ वाचला. मला वाटले होते मी खचून जाईन. पण मला भूक लागली. दोन वाट्या खीर खाल्ली.

तुझे हात कसे असतील ग, इतके बारीक बघून इतके मोठे काम करणारे! फरहतला सांग, तुझी मुलगी आमच्या गावाची झाली.

भागिरथा मावशी


वाशीम,
२२ ऑक्टोबर २०२४
(जगदेवकाकांच्या फोनवर फोटो पाठवते आहे. लगेच वाचा.)

ती. मावशी,
सलाम.

तुमचं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का ते लिहिते. तुम्ही रागवाल.

गोळ्यांनी जंतू जातात. सूज ओसरते. पण विरळ झालेल्या ग्रंथी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा दाट होत नाहीत आणि सुरईसारख्या पेशी सगळीकडून एकदम गायब होत नाहीत. ऑगस्टच्या काचेवर जवळजवळ प्रत्येक तुकड्यात त्या होत्या. ऑक्टोबरच्या काचेवर एकही नाही. एकही व्रण नाही, की कधी काही बिघडलं होतं अशी खूण नाही. ते पोट बरं झालेलं नाही, मावशी. ते कधी आजारीच नव्हतं.

मी दोन्ही काचा नागपूरला नेल्या आणि मॅडमसमोर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. म्हणाल्या, "उमेरा, ही दोन माणसं आहेत."

जगदेवकाका निरोगी आहेत, हे खरं. त्याची खीर वाया गेली नाही. पण मग ऑगस्टमधलं ते पोट कोणाचं? शिबिरात त्या दिवशी आलेला कोणीतरी माणूस "सगळं ठीक" असा कागद खिशात घालून हिंडतो आहे, आणि त्याच्या पोटात ती जागा वाढते आहे. काचेवर नाव असतं, माणूस नसतो. मी माझ्याकडचं सगळं तपासलं. बाटल्या, चिठ्ठ्या, मेणाचे ठोकळे. अदलाबदल इथे झालेली नाही. मेणातल्या तुकड्याची रक्ताशी ओळख पटवणारी तपासणी पुण्याला होते, पण कोणाच्या रक्ताशी जुळवायचं तेच माहीत नाही.

काकांना त्या दिवसाचं सगळं विचारा. कोण शेजारी होतं, कोण आधी गेलं, कोण नंतर. काहीही फालतू समजून सोडू नका.

उमेरा


इंझोरी,
२४ ऑक्टोबर २०२४

उमेरा,

पत्र वाचले. तू गोड बोलू नकोस असे मी लिहिले होते, पण आनंदात असे मीठ कालवायला मी सांगितले नव्हते. आमचा माणूस बरा आहे. दुसऱ्या कोणाचे पोट शोधायचे काम आमच्याकडे का? आम्ही आमचे दुःख एकटे काढले, तेव्हा कोण शोधत आले होते?

एवढे लिहून पत्र ठेवून दिले होते.

२५ ऑक्टोबर

पुन्हा लिहीत आहे. वरचे खोडत नाही. ते मी लिहिले आहे.

रात्री झोप लागली नाही. तो कोणी माणूस असेल त्याला बायको असेल. ती या वेळी गॅस झाला म्हणून सोडा कालवत असेल.

सकाळी जगदेव दाढी करत होता. मी समोर जाऊन बसले. विचारले, "शिबिरात तुमच्या बाजूले कोन होतं?"

"लय लोकं होते, वैनी."

"बाजूले कोन?"

"एक बंजारी आदमी होता. मानोऱ्याकडच्या तांड्याचा. हरिसिंग. लय गोष्टी करे. मंग नर्सबाईनं दोघाईच्या घशात ते बधिर करायचं औषध टाकलं, तं दोघंबी गप्प."

"आदी कोन गेलं?"

जगदेव हसला. "आता काय सांगू. नंबर माझा होता. पन त्याईची जीप सुटून राह्यली होती. मानोऱ्याची मंग संध्याकाळशिवाय नाई. मी तं मोटरसायकलनं गेलो होतो, मले काय घाई? मी हातानंच खुणावलं, तुमी जा आदी."

"मंग नाव कोनतं पुकारलं?"

"जगदेव." वस्तरा त्याच्या हातात तसाच राहिला. "त्याईनं मान हलवली. बोलता कोनाले येत होतं? ते गेले अंदर. मंग हरिसिंग म्हणून पुकारलं, तं मी मान हलवली न् गेलो." अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल कोरडा, माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, मले वाटलं नंबराचं काय घेऊन बसायचं. दुर्बीण तेच, डॉक्टर तेच."

"आन् पोट?" मी म्हणाले.

उमेरा, चांगुलपणाने दिलेली जागा होती. एसटीत आपण कोणालाही देतो तशी. त्याला मी काय बोलू? तो दाढी तशीच सोडून उठला आणि म्हणाला, "चाला."

मी म्हणाले, कुठे? तर म्हणाला, "मानोऱ्याले. आनखी कुठं?"

भागिरथा मावशी


वाशीम,
२७ ऑक्टोबर २०२४
(फोटोने)

मावशी,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठले आणि त्या दिवशीच्या काचांमधून हरिसिंगची काच काढली. निरोगी अस्तर. जगदेवकाकांच्या ऑक्टोबरच्या काचेशेजारी ठेवली तर तोच माणूस वाटावा. ही खात्री नाही, पण माझं मन सांगतं की तुम्ही बरोबर आहात.

म्हणजे हरिसिंगला आम्ही "निर्दोष" म्हणून कागद दिला आहे. शिबिरात दिलेला फोन बंद लागतो. मी संस्थेला कळवलं आहे. त्यांनी माणूस पाठवायचं कबूल केलं आहे, पण दिवाळीनंतर. मावशी, दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात आणि तांडे रिकामे होतात.

वरच्या पायरीच्या पेशी किती दिवस थांबतील हे कोणी सांगू शकत नाही. कधी वर्ष, कधी थोडे महिने. ऑगस्टपासून घड्याळ चालू आहे.

त्यांना शोधून काढा. पुढची सोय नागपूरला मी करते.

आणि तुम्ही जे खोडलं नाही, त्याबद्दल मी रागावलेली नाही.

उमेरा


इंझोरी,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. उमेरा हिस,
जयभीम.

हे पत्र लांब होणार आहे. बसून वाच.

हरिसिंगचा तांडा तिसऱ्या फेरीत सापडला. मानोऱ्याच्या आसपास इतके तांडे आणि इतके हरिसिंग आहेत की पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही दोन चुकीच्या हरिसिंगांकडे चहा पिऊन आलो. तिसऱ्या तांड्यात पोचलो तर घरांना कुलपे. लेकरे आणि म्हातारी माणसे तेवढी मागे. हरिसिंगची आई उन्हात बसली होती. खूप म्हातारी आहे, ऐकू माझ्याहून कमी येते. ती म्हणाली, पोरगा आणि सून उसाला गेले, सोलापूरकडे. मुकादमाचे नाव धनराज. बाकी तिला काही सांगता आले नाही.

धनराजचा नंबर तांड्यातल्या दुकानात मिळाला. फोनवर जगदेवने बोलून पाहिले. धनराज म्हणाला, "तुमचा मानूस ठनठनीत हाय, ऊस तोडून राह्यला," आणि फोन ठेवला. म्हणून मी आणि जगदेव एसटीने निघालो.

इतका ऊस मी जन्मात पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, तोडणाऱ्यांच्या राहायच्या झोपड्या, आणि त्यांच्यापलीकडे कोयत्यांचा आवाज. हरिसिंगने जगदेवला लांबूनच ओळखले. "अरे, नंबरवाले भाऊ!" म्हणून मिठी मारली. अंगाने बारीक, मिशा पांढऱ्या, बोलणे भरपूर. त्याची बायको चंदाबाई मोळी बांधत होती. तिने कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिले. पाहुणे सोलापूरपर्यंत गोड बोलायला येत नाहीत, हे तिला कळले असावे.

मी सगळे सांगितले. हरिसिंगने ऐकले आणि कोपीत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणला. "बाई, हे पाहा. डॉक्टरनं लिवून देल्लं. सब ठीक हाय."

"तो कागद माझा हाय, बाबा," जगदेव म्हणाला. "तुमी माझं पोट खिशात घेऊन फिरून राह्यले."

फडातले सगळे हसले. हरिसिंग हसला नाही. कागद पुन्हा पिशवीत घातला. "कागदावर नाव कोनाचं हाय? माझं. मंग? मले तं दुखतबी नाई."

"दुखत नाई म्हणूनच आली मी," मी म्हणाले. "दुखल्यावर येऊन मी काय करू? माझ्या घरचं दुखल्यावर समजलं. तवा डॉक्टरनं हात जोडले."

मी पुढे बोलले नाही. यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, आणि माणसाला भीती घालून बैलासारखे हाकायला मी गेले नव्हते.

तेवढ्यात चंदाबाईने हातातली मोळी खाली टाकली. "रोज अर्धी भाकर कुत्र्याले कोन टाकते?"

"गरमीनं भूक नाई लागत."

"गरमी? थंडीत शेकोटी पेटवून बसतो न् गरमी?" मग ती माझ्याकडे वळली. "पोळ्यापासून पाहून राह्यली मी. कुत्रं लठ्ठ झालं, हा वाळला. विचारलं तं कागद दाखवते. कागद खाते का रे तू?"

आता तोही हसला, पण हसता हसता खाली बसला.

मग धनराज आला. वाईट माणूस नाही, पण त्याच्या डोक्यात गाडीच भरलेली असते. म्हणाला, "दोघं गेले तं एक कोयता कमी. कारखान्याची गाडी उभी हाय. भरन कोन?"

जगदेवने बाह्या वर केल्या. "मी भरतो. दुसरी जोडी येईपावतर राह्यतो इथं."

धनराजने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "ऊस तोडला हाय का कधी?"

"सोयाबीन तोडलं."

"सोयाबीन!" सगळा फड पुन्हा हसला. पण जगदेवने कोयता उचलला तो ठेवला नाही. मला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "वैनी, तुमी जा यायले घेऊन. एकडाव त्याईच्या जागी मी झोपलो. आता उभा राह्यतो." मी या दिराला पंचवीस वर्षे ओळखते. त्या दिवशी तो मला यांच्यासारखा दिसला, उभा राहण्यात.

पुढचे तुला माहीत आहे. नागपूरच्या दवाखान्यात तू दारात उभी होतीस. हरिसिंगचे रक्त घेतले, दुर्बीण टाकली. डॉक्टरांनी पडद्यावर ती जागा दाखवली तेव्हा मी चंदाबाईचा हात धरला. रुपयाएवढी फिकट जागा. एवढ्याशा जागेपायी माणूस जातो.

काढायची तारीख मिळेपर्यंत दोघांना तांड्यात सोडून मी काल परत आले. जगदेव अजून फडातच आहे. त्याच्या हातांना फोड आले आहेत असे त्याची बायको सांगते, आणि सांगताना तिला अभिमान वाटतो.

भागिरथा मावशी


वाशीम,
१९ डिसेंबर २०२४

ती. मावशी,
सलाम.

हे पत्र फोटोनं पाठवत नाही. हे तुम्ही हातात धरून वाचावं असं मला वाटतं. माणसाच्या हाती पाठवते आहे.

पुण्याहून ओळख पटवणाऱ्या तपासणीचं उत्तर आलं. ऑगस्टमधला तो तुकडा हरिसिंगचाच. शंका संपली.

नागपूरच्या डॉक्टरांनी ती जागा दुर्बिणीतून एकसंध काढली. पोटावर टाका नाही. काढलेली चकती थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून आमच्या मॅडमकडे आली. तिच्या कडांना शाई लावली, म्हणजे काचेवर कडा कुठे आहे ते कळतं. मग पट्ट्या कापल्या. मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा तूच बघ. शोधून काढलं तू आहेस." मी म्हटलं, शोधून काढलं दुसऱ्या कोणी.

मी पहिली काच लावली. मधोमध त्या बिथरलेल्या पेशी. मी त्यांना ऑगस्टपासून ओळखते, मावशी. बाजारात चेहरा ओळखावा तशा ओळखल्या. मग हळूहळू कडेकडे सरकत गेले. ठिपके लहान झाले. रांग लागली. आणि शाईच्या खूप आधी वाईट पेशी संपल्या. दुसरी काच, तेच. शेवटच्या काचेपर्यंत तेच. सगळ्या कडा मोकळ्या. खाली तळाची हद्द कुठेही ओलांडलेली नाही.

कर्करोग व्हायच्या आधी आपण पोचलो. मी इतकी वर्षं हे काम करते. बहुतेक वेळा मी उशिराची बातमी लिहिते. या वेळी मी वेळेवरची लिहिली. काचेवरून डोळे काढले तर मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी काच त्यांच्यापुढे सरकवली.

हरिसिंगना जंतूंच्या गोळ्या पूर्ण करायच्या आहेत आणि ठरलेल्या वेळी दुर्बीण करत राहायचं आहे, कारण बाकीचं अस्तर जुन्या सुजेचं आहे. त्याच्यावर नजर ठेवू. त्यांच्या भावांनाही पाठवा. शिबिरवाल्यांनी आता घसा बधिर करायच्या आधी मनगटाला नावाची पट्टी बांधायला सुरुवात केली आहे.

कागद सोबत आहे. तांड्यात तुम्हीच घेऊन जा. माझ्याकडून चुकीच्या नावानं गेलेला एक कागद त्या घरात आहे; तो परत घ्या आणि हा द्या.

उमेरा


इंझोरी,
२३ डिसेंबर २०२४

चि. उमेरा हिस,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद.

काल तांड्यात जाऊन आले. जगदेव बरोबर होता. फडावरून परत आल्यापासून तो कोणालाही हात दाखवतो. फोड गेले, पण तो दाखवतो.

तांडा निम्मा रिकामाच आहे, पण होते तेवढे सगळे हरिसिंगच्या अंगणात जमले. उसावरून मुद्दाम आलेले त्याचे दोन्ही भाऊ, सुना, लेकरे, शेजारच्या म्हाताऱ्या. चंदाबाईने मला खाटेवर बसवले. मी कागद तिच्या हातात दिला तर तिने घेतला नाही. "कागदावर आमचा भरोसा नाई राह्यला, बाई. तू तोंडानं सांग. तुझ्या तोंडावर हाय भरोसा."

मग मी उभी राहिले. विहारात वाचते तसा आवाज लावला. तुझे पत्रच वाचले, कागद नाही. रांग लागली ते वाचले. शाई वाचली. सगळ्या कडा मोकळ्या, हे दोनदा वाचले. हे शब्द मी आमच्या घरासाठी कधी वाचले नाहीत. वाचायला मिळाले नाहीत. काल ते माझ्या तोंडून निघाले आणि दुसऱ्या एका बाईच्या घरी पोचले, आणि मला ते परके वाटले नाहीत.

वाचून झाले. मग चंदाबाई खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली, आणि तिला पाहून बाकीच्या बायका. हरिसिंग मिशीवर हात फिरवत इकडे तिकडे बघत होता. जगदेव त्याला म्हणाला, "बाबा, आता पोट तुमचं तुमच्याजवळ. माझं मले वापस द्या." हरिसिंगने उठून तो जुना कागद पिशवीसकट त्याच्या खिशात कोंबला आणि त्याच्या गळ्यात पडला. दोघेही रडत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते.

भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीला यातले काही ऐकू आले नव्हते. हा गलका पाहून ती घाबरली. चंदाबाईच्या पदराला धरून विचारू लागली, काय झालं, कोन गेलं?

चंदाबाईने तिच्या कानाशी तोंड नेले आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "जगला! तुझा पोरगा जगला!"

म्हातारीने हरिसिंगकडे पाहिले. मग आम्हा सगळ्यांकडे पाहिले, वेड्यांकडे बघावे तसे.

"मंग?" ती म्हणाली. "तो तं हा इथं बसला हाय."

तुझी,
भागिरथा मावशी